नाताळचे बारा दिवस आणि शेजारच्या आजींचं कॅरागीन : आयर्लंडचे घरगुती उपाय

किनारा (कॉर्क), १९ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

कॉर्कला येऊन नऊ वर्षं झाली. इथल्या पहिल्या नाताळात मी तापाने फणफणले होते. नवऱ्याची ड्यूटी, मुलगी तीन वर्षांची आणि २५ डिसेंबरला या देशात सगळं कडकडीत बंद. बस नाही, ट्रेन नाही, कोपऱ्यावरचं दुकानही नाही. घरातलं आलं संपलं होतं. आल्याशिवाय काढा कसला करायचा, एवढ्याशा गोष्टीवरून मला रडू फुटलं होतं.

संध्याकाळी शेजारच्या आजींनी दार वाजवलं. सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात दिवा लागला नव्हता, ते त्यांनी हेरलं होतं. हातात टॉवेलात गुंडाळलेली काचेची बरणी. आत पेजेहून थोडं दाट, फिकट मधाच्या रंगाचं काहीतरी गरम. वास लिंबाचा आणि त्यामागे अगदी पुसट असा समुद्राचा. "घोट घोट घे, घाई नको," म्हणाल्या आणि मुलीला घेऊन सोफ्यावर बसल्या. ताप त्याने उतरला नाही, तो त्याच्या वेळेने तीन दिवसांनी उतरला. पण घसा निवला आणि त्या रात्री मी झोपले.

ते होतं कॅरागीन. समुद्राच्या खडकांवर उगवणारं लालसर शेवाळ. आयरिश भाषेत 'कारिग' म्हणजे खडक, त्यावरून हे नाव. आजींची पद्धत अशी: वाळवलेलं कॅरागीन अर्धी मूठ घ्यायचं, गार पाण्यात दहा मिनिटं भिजवायचं. कोरडं असताना कुरकुरीत, कागदासारखं लागतं. भिजलं की फुलतं, बोटांना बुळबुळीत लागतं आणि त्याच्या फांद्याफांद्यांची पंख्यासारखी पानं उलगडतात. मग तीन पेले पाण्यात अगदी मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचं. चाळणीतून गाळताना चमच्याने दाबून खालचा चिकट रस खरवडून घ्यायचा, कारण सगळा गुण त्या रसात, असं आजी म्हणतात. वर लिंबू आणि मध.

त्यानंतर दर नाताळात मी त्यांच्याकडून एकेक गोष्ट शिकत गेले. इथे ग्लासाला ग्लास लावताना लोक 'स्लॉन्चा' म्हणतात, त्याचा अर्थच मुळी आरोग्य. एक म्हणही आहे, आरोग्य हे गुरांच्या खिल्लारांपेक्षा मोठं. जुन्या आयर्लंडमध्ये गुरं म्हणजेच संपत्ती, त्यामुळे आपल्या माणसांना ही म्हण समजावून सांगावी लागू नये.

मला या सगळ्यात जे मनापासून पटलं ते असं, की इथले जुने लोक सणात बरं राहण्यासाठी औषधावर विसंबत नाहीत. सणाच्या दिवसांची मांडणीच तशी आहे. आधी उपास, मग जेवण, मग चालणं, मग एकमेकांकडे जाऊन बसणं आणि शेवटी बायकांची विश्रांती. आणि या सगळ्यात कुणीतरी तुमचं दार वाजवतं. इथे राहणाऱ्यांनी, किंवा इथल्या म्हाताऱ्या माणसांकडून काही ऐकलेल्यांनी जरूर लिहा.

दर्यावर्दी (रत्नागिरी), १९ डिसेंबर

ताई, सुंदर लिहिलंय. आमच्याकडे खडकांवर शेवाळ ढिगाने येतं, पण घरात ते कुणी खाल्लेलं पाहिलं नाही. चायना ग्रास तेवढं माहीत आहे. हे तसंच का? आणि काढतात कधी? डिसेंबरात तिकडच्या समुद्रात कोण उतरणार!

किनारा, १९ डिसेंबर

दर्यावर्दीदादा, भावंडंच समजा. चायना ग्रासही लाल शेवाळापासूनच होतं, फक्त जात वेगळी. चायना ग्रास घट्ट, वडी पडेल असं सेट होतं. कॅरागीन मऊ राहतं.

काढतात वसंतात आणि उन्हाळ्यात, मोठ्या ओहोटीला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे हटतं तेव्हाच तो खडक उघडा पडतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. काढलं की गवतावर पसरून ठेवतात. पाऊस पडला तर पडू देतात, उलट तो हवाच असतो. ऊन, दव, पाऊस असं आठवडाभर आळीपाळीने लागलं की गडद जांभळ्याचं गुलाबी होतं आणि गुलाबीचं साईच्या रंगाचं. मग पिशवीत भरून हिवाळ्यासाठी ठेवायचं. म्हणजे नाताळच्या खोकल्याची तयारी मे महिन्यात. आपल्या उन्हाळी वाळवणांसारखंच.

त्याची दुधातली खीरही करतात. ईस्ट कॉर्कमध्ये बॅलीमलू हाऊस आहे, तिथे मर्टल ॲलन यांनी १९६४ मध्ये घरातच जेवणघर सुरू केलं आणि गरिबाघरचं म्हणून मागे पडलेलं हे कॅरागीन पुडिंग पाहुण्यांच्या ताटात मानाने आणलं. मी करते तेव्हा वेलची घालते. दिसायला खरवसासारखं, पण फार हलकं. आजारातून उठलेल्या माणसाला सहज उतरतं.

नाडी_बघू (गॉलवे), २० डिसेंबर

धागा आवडला. मी इथे रुग्णालयात काम करतो, त्यामुळे थोडं डॉक्टरी लिहितो; राग मानू नये.

कॅरागीन घशाला बरं का वाटतं, तर त्यातला चिकट रस सुजलेल्या घशावर पातळ थर धरतो, कोरडी ढास कमी होते. गरम पाणी पोटात जातं, मध ढास शमवतो. विषाणू त्याने मरत नाही. पण सर्दीखोकल्यात आम्ही तरी दुसरं काय देतो? विश्रांती, पाणी आणि तापाला पॅरासिटामॉल. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. आणि थायरॉइडचा त्रास असेल तर समुद्री शेवाळ रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्यात आयोडीन असतं.

दुसरं, हॉट व्हिस्की. गरम पाणी, साखर, व्हिस्की आणि लिंबाच्या चकतीत टोचलेल्या चार-पाच लवंगा. काचेचा पेला तडकू नये म्हणून आत धातूचा चमचा ठेवून पाणी ओततात. 'व्हिस्की' हा शब्दच आयरिशमधल्या 'जीवनाचं पाणी' या शब्दांवरून आला, त्यामुळे इथल्या आजोबांचा तिच्यावर विश्वास असणं समजू शकतो. नाक मोकळं होतं ते वाफेने आणि लवंगेच्या वासाने. दारू झोप उथळ करते. सर्दीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ती घेऊ नका. लवंग-लिंबाचं गरम पाणी मात्र मीही पितो, त्यात व्हिस्की नाही घातली तरी काही बिघडत नाही.

तिसरं, गॅस उडालेलं सेव्हन-अप. पोट बिघडलं की इथल्या प्रत्येक आईने हे दिलेलं आहे. बाटली उघडून ढवळायची, फेस जाऊ द्यायचा आणि घोटघोट पाजायचं. त्यामागचं प्रेम खरं आहे, पण साखर फार आणि मीठ जवळजवळ नाही. जुलाब होत असलेल्या मुलाला ते देऊ नका. आपली जलसंजीवनी द्या, इथे फार्मसीत पाकिटं मिळतात.

पायवाट (डब्लिन), २० डिसेंबर

डॉक्टर, थंड पाण्याबद्दलही लिहा ना. इथे २५ तारखेला सकाळी सँडीकोव्हला फोर्टी फुट नावाच्या खडकाळ जागेवर शेकडो लोक समुद्रात उतरतात. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा गेलो. पाणी दहा अंशाच्या आसपास. पायऱ्यांवर लोखंडी कठडा आहे, तो धरून उतरताना हात आधी बधिर झाला. छातीपर्यंत पाणी आलं आणि श्वास अडकला, पुढचा श्वास कुठून आणायचा तेच कळेना. शेजारी सत्तरीच्या बाई होत्या, म्हणाल्या, "बाहेर सोड आधी, आत आपोआप येईल." दोन मिनिटांत बाहेर आलो. कुणीतरी अनोळखी माणसाने फ्लास्कमधला चहा दिला. दिवसभर अंगात जी ऊब होती तशी हीटरने कधी आली नाही.

नाडी_बघू, २० डिसेंबर

त्या बाईंनी नेमकं सांगितलं. गार पाण्याने पहिलं मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, बुडण्याचा धोका तेव्हाच सगळ्यात जास्त. त्यामुळे उडी मारायची नाही, हळूहळू उतरायचं, एकट्याने जायचं नाही, दारू पिऊन तर नाहीच. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर काठावर उभं राहून टाळ्या वाजवा. आणि बाहेर आल्यावरही दहा-पंधरा मिनिटं शरीर थंड होत राहतं, म्हणून लगेच कोरडे कपडे, टोपी, गरम चहा. कडक गरम शॉवर लगेच नको.

जुनी_वही (पुणे), २१ डिसेंबर

लोकसाहित्याची आवड असल्याने थोडी भर घालते.

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमध्ये एक विलक्षण काम झालं. तिथल्या लोककथा आयोगाने प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांतल्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं, घरातल्या नि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून आणा. सुमारे ५,००० शाळा, ५०,००० च्या आसपास मुलं. विषयांमध्ये गावातले घरगुती उपाय होते, सणही होते. हा सगळा संग्रह आता 'दूकस' या संकेतस्थळावर मूळ हस्ताक्षरात वाचता येतो. शाई सांडलेली पानं, मुलांचं गोलगोल अक्षर. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या गेल्या, त्याची आठवण येते.

त्या काळच्या उपायांत सर्दीवर वारंवार भेटतो तो दुधात शिजवलेला कांदा. कांदा मऊ होईपर्यंत दुधात उकळायचा, वर मिरपूड, आणि झोपताना प्यायचं. लसूण तर आहेच. नाताळच्या गूज पक्ष्याची चरबी भाजताना निथळते, ती बरणीत भरून ठेवायची आणि हिवाळाभर छातीला चोळायची, वर तपकिरी कागद किंवा फ्लॅनेल बांधायचं. आपण तेल-ओवा चोळून वर फडकं बांधतो, तसंच.

आणि एक गोष्ट जी वाचून मी थांबले. २६ डिसेंबरला, म्हणजे सेंट स्टीफनच्या दिवशी, काही भागांत लोक मांस खात नसत. आदल्या दिवशीच्या मेजवानीनंतर एक दिवस मांस टाळलं की येणारं वर्ष आजाराशिवाय जातं, अशी श्रद्धा. नाताळच्या आदल्या दिवशीही उपासच. संध्याकाळी खारवून वाळवलेला मासा, पांढरा सॉस आणि उकडलेले बटाटे. म्हणजे सगळ्यात मोठ्या जेवणाच्या दोन्ही बाजूंना पोटाला सुट्टी.

अवांतर: लेट्रिम परगण्यात दगडाची छोटी छोटी घामघरं अजून उभी आहेत. माणूस रांगतच आत जाईल एवढं दार. आत टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं जळण, तासन् तास जाळायचं, मग राख बाहेर ओढून जमिनीवर लव्हाळी पसरायची आणि सांधेदुखीच्या माणसांनी आत बसायचं. पुरेसा घाम आला की शेजारच्या ओढ्यात बुडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे चालू होतं. आता समुद्रकाठी फिरत्या लाकडी सॉना दिसतात म्हणे. पायवाट यांनी पाहिल्या असतील.

पायवाट, २१ डिसेंबर

पाहिल्या. आमच्या किनाऱ्यावर घोड्याच्या गाडीएवढी एक उभी असते, शनिवारी रांग लागते.

आज २१ तारीख, वर्षातला सगळ्यात लहान दिवस, म्हणून एक लिहितो. इथे सकाळी पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि चारनंतर अंधार. मुंबईहून आल्यावर पहिल्या डिसेंबरात मला आपलं काय बिनसलंय तेच कळत नव्हतं. झोप येत राहायची, कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. न्यूग्रेंजला गेलो तेव्हा उलगडा झाला. सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची ती दगडी समाधी. दाराच्या वर एक झरोका, आणि फक्त या चार-पाच दिवसांत सूर्य उगवताना त्यातून उन्हाची तिरीप बोळातून सरकत आतल्या खोलीपर्यंत जाते. सुमारे १७ मिनिटं टिकते. १९६७ मध्ये याच तारखेला प्राध्यापक मायकल ओ'केली आत उभे राहिले आणि त्यांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आत जायला सोडत असते, माझा नंबर लागला नाही. बाहेरच्या गवतावर गोठलेल्या दवात आम्ही उभे होतो. ढग होते. तरी पूर्वेकडे थोडं तांबडं झालं तेव्हा सगळे गप्प झाले. या माणसांना पाच हजार वर्षांपूर्वीही उन्हाची इतकी ओढ होती, तर मला होणारच.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चालतो, पाऊस असला तरी.

नाडी_बघू, २१ डिसेंबर

चालणं चांगलंच. पण ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन इतकं तिरकं असतं की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला मुळात ऊन जास्त लागतं. इथे राहणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींनी त्याच्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावं. मुलांना नाकात मारायची फ्लूची लस इथे मोफत मिळते, तीही घ्या. कांदा-दूध आणि लस यांचं काही भांडण नाही.

ओवी (नाशिक), २२ डिसेंबर

सगळं वाचलं. एक विचारू? उपास, मेजवानी, पाहुणे, हे सगळं करतं कोण? आमच्याकडे दिवाळीत घरातल्या बाईची भाऊबीजेपर्यंत कंबर गेलेली असते. तिकडच्या बायका कशा बऱ्या राहतात?

किनारा, २२ डिसेंबर

ओवी, तू अगदी मुळावर बोट ठेवलंस. आजींच्या लहानपणी, वेस्ट कॉर्कच्या शेतावर, डिसेंबर उजाडला की घराला आतून-बाहेरून चुन्याची सफेदी व्हायची. धुराडं साफ करायला हॉलीचं काटेरी झुडूप दोरीला बांधून वरून खाली ओढायचे. काजळी भसाभस खाली, आणि ती पुसायची आईनेच. मग स्वयंपाक, पुडिंग, केक, पाहुणे.

म्हणून ६ जानेवारीला 'नॉलिग ना मान'. बायकांचा नाताळ. कॉर्क आणि केरीमध्ये ही प्रथा पक्की टिकली आणि आता सगळ्या देशात परत रुजते आहे. त्या दिवशी घरातलं सगळं काम पुरुषांनी करायचं. बायकांनी नटूनथटून एकमेकींकडे किंवा बाहेर जायचं, चहा, केक, गप्पा. आजी सांगतात की त्यांची आई वर्षात तेवढ्या एका दिवशी दुपारी बसायची. बसायची म्हणजे खुर्चीत पाठ टेकून, हातात विणकाम न घेता. लहानपणी त्यांना वाटायचं, आईला आज बरं नाहीये की काय.

आपलं संक्रांतीचं हळदीकुंकू त्यानंतर आठवड्याभराने येतं. पण त्याची तयारीही आपणच करतो, हा फरक मला दर वर्षी टोचतो.

मोकळं_आकाश (लिमरिक), २३ डिसेंबर

मी इथे वृद्धांची घरी जाऊन काळजी घेण्याचं काम करते. धाग्यातलं सगळं खरं आहे, तरी एक बाजू राहिली. ज्या आजीआजोबांना हे उपाय माहीत आहेत, त्यातले कितीतरी या दिवसांत एकटे असतात. पूर्वी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या शेकोटीपाशी जाऊन बसायची रीत होती, आता मुलं ऑस्ट्रेलियात नि कॅनडात. एका आजोबांनी मला परवा सांगितलं, "खोकल्याला माझ्याकडे औषध आहे. ते करून द्यायला कुणी नाही."

इथे २४ च्या रात्री खिडकीत मेणबत्ती लावतात, मेरी आणि योसेफला निवारा मिळावा म्हणून. घरातल्या सगळ्यात लहान मुलाने ती पेटवायची. राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी १९९० मध्ये आपल्या निवासस्थानाच्या खिडकीत परदेशी गेलेल्या आयरिश माणसांसाठी दिवा लावला. मी परदेशी आलेली मराठी बाई, पण रात्रीच्या शिफ्टहून परतताना त्या खिडक्या दिसल्या की मला बरं वाटतं.

इथल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. आपल्या आजूबाजूच्या एका तरी एकट्या माणसाकडे नाताळपासून ६ जानेवारीपर्यंतच्या या बारा दिवसांत जाऊन या. चकली न्या, लाडू न्या. पंधरा मिनिटं बसा.

दर्यावर्दी, २३ डिसेंबर

ताई, वाचून गलबललं. आमच्या वाडीतही मुलं मुंबईला आणि म्हातारी माणसं घरात. आज संध्याकाळी आमच्या शेजारच्या काकूंकडे जाऊन येतो.

किनारा, ७ जानेवारी

धागा वर काढतेय. मोकळं_आकाश यांचं वाचल्यापासून मनात होतं. काल बायकांचा नाताळ होता. आजी आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे बाहेर जाणं होत नाही, म्हणून आम्ही चौघीजणी त्यांच्याकडे गेलो. आमच्या घरी नवऱ्याने आणि मुलीने खिचडी केली, भांडीही घासली.

आजींना सर्दी होती. मी त्यांच्याच स्वयंपाकघरात त्यांच्याच पातेल्यात कॅरागीन ठेवलं. त्या खुर्चीतून सूचना देत होत्या. आच कमी कर. झाकण नको. मी मूठभर घातलं होतं, त्यांनी लांबूनच ओळखलं आणि अर्धं काढायला लावलं. गाळून, लिंबू पिळून पेला त्यांच्या हातात दिला. दोन्ही हातांनी धरून त्यांनी आधी वास घेतला, मग म्हणाल्या, "हे मी पंचवीस-तीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातचं प्यायले नव्हते."

येताना त्यांनी पिशवीत शिल्लक होतं ते सगळं कॅरागीन मला देऊन टाकलं. मे महिन्यात मोठी ओहोटी कधी आहे ते त्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवलंय, मला कुठल्या खडकावर जायचं तेही सांगितलंय. दर्यावर्दीदादा, वाळलं की तुम्हाला पाठवते. फक्त लक्षात ठेवा, तीन पेले पाण्याला अर्धी मूठच.